हसू आणि हसे : द्विध्रुवी मनोविकाराच्या ताणात विनोदाचा आधार

इंग्लंडच्या दक्षिण भागातील विंचेल्सी या गावी चर्चच्या आवारात एक समाधिशिला आहे. तिच्यावर आयरिश भाषेत एक वाक्य कोरलेले आहे. 'मी आजारी असल्याचे तुम्हाला सांगितले होते', असा त्याचा अर्थ. ही शिला आहे विख्यात ब्रिटिश-आयरिश विनोदकार स्पाइक मिलिगन यांची. २७ फेब्रुवारी २००२ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या समाधीवर हेच वाक्य असावे, असे ते हयातीतच सांगत असत. मात्र ते इंग्रजीत कोरण्यास चर्चच्या अधिकाऱ्यांनी अनुमती दिली नाही. अखेर आयरिश भाषेचा मध्यममार्ग निघाला आणि २००४ मध्ये ते वाक्य दगडावर उमटले.

हे वाक्य वाचून येणारा-जाणारा हसतो. मिलिगन यांचे चरित्र ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मात्र त्यात विनोदाबरोबरच एक तक्रारही ऐकू येते. आयुष्याची अनेक दशके ते द्विध्रुवी मनोविकाराने, म्हणजेच बायपोलर डिसऑर्डरने त्रस्त होते. लोकांना हसविणारा हा माणूस आपण आजारी असल्याचे वारंवार सांगत होता.

मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथे झाला. त्यांचे वडील ब्रिटिश लष्करात होते. बालपणीचा काही काळ पुण्यात आणि त्यानंतर रंगून येथे गेल्यावर हे कुटुंब इंग्लंडला परतले. या मनोविकाराचा ताण सोसताना विनोदाचा खरोखर किती उपयोग होतो आणि त्याची मर्यादा कोठे येते, हे समजून घेण्यासाठी त्यांचे आयुष्य हे एक बोलके उदाहरण आहे.

दोन टोकांचा आजार

या विकारात मनःस्थिती दोन टोकांकडे झुकते. एक टोक उन्मादाचे. त्या अवस्थेत व्यक्तीला विलक्षण उत्साह वाटतो, झोपेची गरज उरत नाही, विचार आणि बोलणे वेगवान होते, आत्मविश्वास अवाजवी वाढतो आणि पैसा, प्रवास, व्यवसाय किंवा नातेसंबंध यांबाबत अविचारी निर्णय घेतले जातात. काहींच्या बाबतीत उत्साहाऐवजी चिडचिड प्रकर्षाने दिसते. दुसरे टोक नैराश्याचे. त्यात कशातच रस वाटत नाही, अंथरुणातून उठणेही जड जाते आणि जगणे निरर्थक वाटू लागते. सर्वसाधारणपणे उन्मादाची लक्षणे किमान एक आठवडा आणि नैराश्याची किमान दोन आठवडे टिकल्यास वैद्यकीय निदानासाठी त्यांचा विचार होतो. दोन टोकांच्या मधल्या काळात अनेक रुग्णांचे आयुष्य सुरळीत चालते.

पूर्वी हा आजार 'मॅनिक डिप्रेशन' या नावाने ओळखला जात असे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत 'बायपोलर' ही संज्ञा स्वीकारली गेली आणि ती जगभर रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे चार कोटी व्यक्तींना हा विकार होता. भारतात २०१७ मध्ये ही संख्या सुमारे ७६ लाख असल्याचा अंदाज आहे. बंगळुरू येथील निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या विकाराच्या शंभरपैकी सुमारे सत्तर व्यक्ती उपचारांपासून दूर असल्याचे आढळले.

आजाराचा ताण केवळ लक्षणांपुरता नसतो. उन्मादाची लाट ओसरल्यावर व्यक्तीला कर्ज, दुखावलेली माणसे आणि गमावलेली नोकरी यांना सामोरे जावे लागते. शिवाय एक सूक्ष्म ताण कायमचा सोबतीला असतो. आज मन प्रसन्न आहे ते खरोखर प्रसन्न आहे, की ही पुढच्या लाटेची सुरुवात आहे, हा प्रश्न सुटत नाही. घरातील माणसेही याच प्रश्नाने धास्तावलेली असतात. जेवताना रुग्ण मोकळेपणाने हसला, तर 'आज गोळी घेतलीस ना?' असे कोणीतरी विचारते. विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, परंतु ऐकणाऱ्याला आपले हसूही आता आपले राहिले नाही, असे वाटते.

विनोदाने काय दिले, काय दिले नाही

दुसऱ्या महायुद्धात मिलिगन ब्रिटिश तोफखान्यात होते. १९४४ मध्ये इटलीतील आघाडीवर ते जखमी झाले आणि त्या आघाताने त्यांचे मनही खचले. युद्धानंतर १९५१ मध्ये बीबीसी नभोवाणीवर 'द गून शो' हा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम्ब हे त्यांचे सहकारी. तर्काला पार उलटेपालटे करणारा हा विनोद १९६० पर्यंत श्रोत्यांना खिळवून ठेवत राहिला आणि पुढच्या पिढीतील अनेक ब्रिटिश विनोदकारांनी त्याचे ऋण मान्य केले.

तथापि, बहुतांश संहिता मिलिगन यांनाच लिहाव्या लागत. आठवड्याला एक, अशा वेगाने विनोद लिहिण्याचे ओझे त्यांना पेलले नाही. १९५२ च्या अखेरीस त्यांचा मानसिक तोल ढळला आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या लेखनाची किंमत आपण प्रकृतीने आणि संसाराने मोजली, असे ते पुढे सांगत. त्यानंतरही आयुष्यात अनेकदा त्यांना अशा गंभीर अवस्थांतून जावे लागले.

विनोदाने त्यांचा आजार बरा केला नाही. उलट, ठरावीक वेळी विनोद निर्माण करण्याची सक्ती हाच एक ताण ठरला. मात्र विनोदाने त्यांना बोलण्याचे साधन दिले. युद्धातील भीती आणि मनाची पडझड त्यांनी १९७१ पासून प्रसिद्ध झालेल्या युद्धस्मृतींच्या मालिकेत हसत-हसवत मांडली. मानसिक आजाराविषयी सार्वजनिकरीत्या बोलणे लाजिरवाणे समजले जात होते, त्या काळात ते मुलाखतींतून आपल्या नैराश्याविषयी मोकळेपणाने बोलले. १९९३ मध्ये आयरिश मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासमवेत त्यांनी नैराश्य आणि त्यातून तग धरणे या विषयावर पुस्तकही लिहिले.

अंतर निर्माण करणारी युक्ती

विनोदामुळे मनाला आधार कसा मिळतो, याचा विचार मानसशास्त्रात दीर्घकाळ होत आला आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ मध्ये विनोदावर एक छोटा निबंध लिहिला. घाबरलेल्या लेकराला वडीलधाऱ्याने जवळ घेऊन धीर द्यावा, तसे माणसाचे मन विनोदाच्या वेळी स्वतःच स्वतःला धीर देते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. संकट नाहीसे होत नाही, परंतु क्षणभर ते लहान दिसते.

या प्रक्रियेत व्यक्ती आणि आजार यांच्यामध्ये थोडे अंतर निर्माण होते. अमेरिकन अभिनेत्री आणि लेखिका कॅरी फिशर यांचे उदाहरण या दृष्टीने लक्षणीय आहे. 'स्टार वॉर्स' चित्रपटांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या फिशर यांना हा विकार होता. त्यांनी आपल्या दोन मनःस्थितींना चक्क माणसांची नावे दिली होती. धुमाकूळ घालणारा 'रॉय' आणि किनाऱ्यावर उभी राहून रडणारी 'पॅम'. आपल्या आजारावर त्यांनी 'विशफुल ड्रिंकिंग' हा एकपात्री प्रयोग केला आणि २००८ मध्ये त्याच नावाचे पुस्तक लिहिले. २७ डिसेंबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या अस्थी नैराश्यावरील औषधाच्या मोठ्या गोळीच्या आकाराच्या पात्रात ठेवण्यात आल्या. ते पात्र त्यांच्याच आवडीच्या वस्तूंपैकी एक होते.

नाव देण्याची ही युक्ती वरवर गमतीची वाटली, तरी तिचा उपयोग गंभीर आहे. 'मी बिघडलो' असे म्हणण्याऐवजी 'रॉय आला' असे म्हणता आले, की दोष व्यक्तीवर न राहता आजाराकडे जातो. घरातील बोलणेही सोपे होते. ज्या घरात 'तुला पुन्हा वेड लागते आहे' या शब्दांनी भांडण पेटले असते, तेथे 'पाहुणे येणारसे दिसते, डॉक्टरांना कळवू या' असे म्हणता येते. औषधांच्या त्रासाबाबतही असेच घडते. लिथियम घेणाऱ्या काही रुग्णांचे हात थरथरतात. चार माणसांत कपबशी किणकिणू लागली, की सर्वांच्या नजरा खाली वळतात. अशा वेळी रुग्णानेच 'चहाबरोबर जलतरंगही आहे' असे म्हटले, तर कोंडी फुटते.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या वापराची चार प्रकारांत विभागणी करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. माणसांना जवळ आणणारा विनोद आणि अडचणीत स्वतःला उभारी देणारा विनोद हे पहिले दोन प्रकार. इतरांना दुखावणारा विनोद हा तिसरा, तर इतरांची मर्जी राखण्यासाठी स्वतःला तुच्छ लेखणारा विनोद हा चौथा प्रकार होय. पहिल्या दोन प्रकारांचा संबंध मानसिक स्वास्थ्याशी, तर चौथ्याचा संबंध नैराश्य आणि चिंतेशी असल्याचे त्यांच्या अभ्यासात दिसून आले. केवळ 'विनोदबुद्धी चांगली' एवढ्याने भागत नाही. तो विनोद कोणत्या जातीचा आहे, हे महत्त्वाचे ठरते.

मराठी भाषेने हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. 'हसू' हा शब्द आनंदाचा आहे, तर 'हसे होणे' म्हणजे फजिती होणे. अक्षरांत किंचितच फरक, परंतु अर्थात जमीन-अस्मानाचे अंतर. रुग्णाने स्वतः आपल्या आजारातील विसंगती टिपली, तर हसू येते. तोच विनोद दुसऱ्याने त्याच्यावर लादला, तर त्याचे हसे होते.

हसण्यातील धोक्याची सूचना

द्विध्रुवी विकाराच्या बाबतीत विनोदाचा विचार करताना एक विशेष अडचण आहे. या आजारात विनोद हे कधी कधी लक्षणही असते. उन्मादाच्या अवस्थेत व्यक्ती अखंड बोलते, शब्दांवर शब्द रचते, कोट्या करते, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारते. तिचा उत्साह आसपासच्या लोकांनाही लागण व्हावी तसा लागतो. मित्रमंडळी पोट धरून हसतात. 'आज काय फॉर्मात आहे!' असे कौतुक होते. प्रत्यक्षात त्या व्यक्तीने चार रात्री डोळ्याला डोळा लावलेला नसतो.

अशा वेळी विनोद होत आहे की नाही यापेक्षा त्याच्या आसपास काय घडत आहे, हे पाहणे उपयुक्त ठरते. झोप कमी होऊनही थकवा जाणवत नाही का? व्यक्तीला थांबता येते का? ती इतरांचे ऐकून घेते का? विनोद हळूहळू बोचरा आणि अमर्याद होत आहे का? खर्च, प्रवासाचे बेत किंवा नव्या व्यवसायाच्या योजना एकाएकी वाढल्या आहेत का? या प्रश्नांची उत्तरे काळजी वाटावी अशी असतील, तर टाळ्या देण्याऐवजी डॉक्टरांशी संपर्क साधणे हिताचे. मात्र केवळ हसण्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्येक हसू संशयाने पाहिले, तर रुग्णाचा उरलासुरला आनंदही हिरावला जातो.

यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे प्रकृती स्थिर असताना रुग्णाने स्वतःच आपल्या धोक्याच्या खुणा लिहून ठेवणे. 'माझ्या कोट्या रात्री दोननंतरही थांबेनाशा झाल्या, तर मला सांगा', अशी खूण त्या यादीत असू शकते. कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, तेही आधीच ठरविता येते. भारतात २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार, आजारामुळे निर्णयक्षमता बाधित झाल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, याचे आगाऊ निर्देश लेखी देण्याचा अधिकार प्रौढ व्यक्तीला आहे. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचीही त्यात तरतूद आहे.

नैराश्याच्या काळात अडचण नेमकी उलटी असते. आनंद घेण्याची क्षमताच क्षीण होणे, हे त्या अवस्थेचे मुख्य लक्षण आहे. त्या वेळी 'जरा हसत जा', 'एखादा विनोदी चित्रपट पाहा', असे सल्ले रुग्णाला एकटे पाडतात. त्याला सोबत हवी असते. तसेच काही माणसे खोल नैराश्यातही सवयीने विनोद करतात. स्वतःच्या मरणाविषयी कोणी वारंवार थट्टेने बोलत असेल, तर ती थट्टा समजून सोडून देऊ नये. 'जीव देण्याचे विचार मनात येतात का?' असे शांतपणे आणि थेट विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते, असे तज्ज्ञ सांगतात.

गावांची नावे आणि कलंक

भारतात मानसिक आजारावरील विनोद बहुतांशी 'हसे' करण्याच्या जातीचा राहिला आहे. कोणी जरा वेगळे वागले, की महाराष्ट्रात 'येरवड्याला पाठवा' किंवा 'ठाण्याला पाठवा' असे म्हटले जाते. उत्तर भारतात त्याच अर्थाने आग्रा आणि रांची यांची नावे घेतली जातात. या ठिकाणी मनोरुग्णालये आहेत, एवढ्याच कारणाने गावांची नावे थट्टेचा विषय झाली. ज्याला खरोखर तेथील बाह्यरुग्ण विभागात जायचे आहे, त्याच्या मनात ही थट्टा आधीच दाराशी उभी असते. उपचार लांबणीवर पडण्याच्या कारणांत अशा लाजेचाही वाटा असतो.

याउलट, विनोदाचे सूत्र रुग्णांच्याच हाती देण्याचे प्रयोगही झाले आहेत. समुपदेशक आणि विनोदकार डेव्हिड ग्रॅनिरर यांनी २००४ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे 'स्टँड अप फॉर मेंटल हेल्थ' हा उपक्रम सुरू केला. ग्रॅनिरर यांनी स्वतः नैराश्य अनुभवले आहे. या उपक्रमात मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना आपल्याच अनुभवांतून विनोदी सादरीकरण लिहिण्याचे प्रशिक्षण दिले जाते आणि नंतर ते प्रेक्षकांसमोर सादर केले जाते. ज्या प्रसंगाची लाज वाटत होती, त्याच प्रसंगावर सभागृह आपल्यासह हसते, हा अनुभव लाजेची धार बोथट करतो. अमेरिकन विनोदकार मारिया बॅमफर्ड यांनीही स्वतःच्या द्विध्रुवी विकाराला रंगमंचावर स्थान दिले. त्यांच्या आयुष्यावर बेतलेली 'लेडी डायनामाइट' ही मालिका २०१६ मध्ये प्रदर्शित झाली.

औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे

हास्याची चर्चा निघाली, की अनेकांना हास्यक्लब आठवतात. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतील एका उद्यानात अवघ्या पाच जणांसह सुरू केलेली ही चळवळ आता अनेक देशांत पोहोचली आहे. मात्र हास्यक्लबातील हास्य हा मुख्यतः श्वसनाचा आणि समूहाचा व्यायाम आहे. त्यासाठी विनोदाची आवश्यकता नसते. सकाळी उठणे, घराबाहेर पडणे आणि माणसांत मिसळणे हे त्याचे लाभ द्विध्रुवी विकाराच्या रुग्णालाही मिळू शकतात. तथापि, त्याला या विकारावरील उपचार म्हणता येणार नाही.

या विकारावरील उपचारांचा मुख्य आधार औषधे हाच आहे. ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावरील लिथियमचा परिणाम प्रसिद्ध केला. आजही लिथियम हे या विकारावरील एक महत्त्वाचे औषध आहे. त्याची उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर थोडे असल्याने रक्तातील प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. औषधांच्या जोडीला नियमित झोप, मद्य आणि अमली पदार्थांपासून दूर राहणे, समुपदेशन आणि कुटुंबाला आजाराची माहिती देणे यांचाही उपयोग होतो. झोपमोड उन्मादाला निमंत्रण देऊ शकते. त्यामुळे रात्रभर रंगणारी हास्यविनोदाची मैफल कितीही आनंददायी असली, तरी या रुग्णांसाठी ती वेळेवर आवरती घेणे श्रेयस्कर ठरते.

विनोदाबाबत घरच्या माणसांनी आणि मित्रांनी एक साधा संकेत पाळावा. आजारावरील पहिला विनोद रुग्णाने करावा. त्याने केला, तर त्याच्यासह हसावे. त्याने केला नाही, तर आपण करू नये. 'हसतील त्याचे दात दिसतील' या म्हणीत लोकांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करण्याचा सल्ला आहे. तो रुग्णाने अवश्य मानावा, परंतु इतरांनी दात दाखविण्याचे कारण म्हणून तो वापरू नये. आणि हसून झाल्यावर त्या विनोदात काही सांगितले गेले का, तेही ऐकावे. विंचेल्सीच्या समाधिशिलेवरील वाक्याची अपेक्षाही याहून वेगळी नसावी.

द्विध्रुवी विकाराच्या रुग्णांसाठी तसेच त्यांच्या कुटुंबीयांसाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. सुरू असलेली औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत.